कपाटासमोरचं बटण

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत मी निवडणूक लढवत होते. म्हणजे मी नाही, आमच्या बाई लढवत होत्या, मी नुसत्या पत्रकांच्या घड्या घालत होते. पण बारा दिवसांत सहा हजार घड्या घातल्यावर 'मी लढले' असं म्हणायचा थोडासा हक्क माणसाला मिळतो, नाही का?

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच ताणायला नको. आम्ही हरलो. सपाटून हरलो. २,८४७ मतं. आमच्या जागेवर निवडून आलेल्या पक्षाच्या उमेदवाराला सतरा हजारांच्या वर. मोजणीच्या केंद्रावरून घरी येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "कोण आलं निवडून?" मी म्हटलं, "नेहमीचेच." तो म्हणाला, "बरं झालं, निदान ओळखीचे तरी आहेत." त्यावर काय बोलणार!

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायचं तर तात्यांपासून सुरुवात करावी लागेल. तात्या म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७८. मूळ गाव सांगोला तालुक्यात. १९७० च्या आसपास नोकरीसाठी शहरात आले, कारखान्यात लागले आणि पाच-सहा वर्षांत एका पक्षाचे झाले. पक्षाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एक तर मामा भांडायला येतील (मामा, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे), आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं तर लगेच 'कुठला, हा की तो?' असा प्रश्न येईल. त्या प्रश्नाचं उत्तर तात्यांकडेच नाही तर माझ्याकडे कुठून असणार?

आई म्हणायची, ह्यांची नोकरी कारखान्यात आणि जीव पक्षात. लहानपणी निवडणूक आली की आमच्या स्टोव्हवर भाजीच्या आधी खळ शिजायची. पोस्टरं चिकटवायला. घरभर तो शिजलेल्या मैद्याचा वास. रात्री तात्या आणि त्यांचे चार मित्र चुना आणि निळीच्या बादल्या घेऊन भिंती रंगवायला जायचे, पहाटे यायचे, आंघोळ करून पहिल्या पाळीला. सभा असली की सतरंज्या अंथरायचं काम त्यांचं. सभा संपली की नेते गाडीत बसायचे आणि तात्या सतरंज्या झटकायचे. हे मी कडवटपणे लिहीत नाहीये, कारण तात्यांना त्यात खरोखर आनंद वाटायचा. आपण कशाचा तरी भाग आहोत याचा आनंद. एकदाच, १९९७ च्या महापालिका निवडणुकीत, त्यांनी तिकीट मागितलं होतं. 'पुढच्या वेळी नक्की' असं उत्तर मिळालं. पुढच्या वेळी त्यांनी मागितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आली. आदल्या रात्री एक सरकार ठरलं होतं, सकाळी टीव्ही लावला तर भलत्यांचाच शपथविधी चाललेला. तात्यांच्या हातात चहाचा कप होता. त्यांना वाटलं जुनं चित्रण दाखवतायत! ते सरकार ऐंशी तास टिकलं. मग तिसरंच आलं. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचं याचा निवाडा निवडणूक आयोगानं केला, एकदा फेब्रुवारी २०२३ मध्ये, एकदा फेब्रुवारी २०२४ मध्ये. ज्यांनी ती चिन्हं भिंतीवर रंगवली त्यांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

त्या दिवसांत तात्यांना दोन्हीकडून फोन यायचे. "तात्या, तुम्ही आपल्यातच आहात ना?" तात्या शांतपणे विचारायचे, "आपल्यात म्हणजे कुणात?" पलीकडून उत्तर आलं की ते "बरं" म्हणून फोन ठेवायचे. दोघांनाही बरंच.

आणखी एक गंमत, म्हणजे तात्यांच्या दृष्टीनं गंमत नव्हेच. ज्या सांगोल्यानं शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, तेच सांगोलं २०२२ साली गुवाहाटीच्या हॉटेलातून आलेल्या 'काय झाडी, काय डोंगार' या फोनमुळे देशभर गाजलं. माझा आज्जा आबासाहेबांचा माणूस. तात्यांनी शहरात येऊन वेगळा पक्ष धरला तेव्हा आज्जानं वर्षभर अबोला धरला होता म्हणे. गणपतराव दोनदा हरले, १९७२ आणि १९९५ साली, पण पक्ष तोच ठेवला. एसटीनं फिरायचे. २०२१ च्या जुलैत ते गेले तेव्हा तात्या दिवसभर गप्प होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "बापाचं बरोबर होतं."

असो. मी स्वतः कुठल्याच पक्षाची नव्हते. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांसारखं माझं राजकारण म्हणजे पेपर वाचून चिडणं. मधूनमधून आशा लावून बसायची सवय मात्र होती. २००४ साली पुण्यात अरुण भाटिया, माजी महापालिका आयुक्त, लोकसभेला अपक्ष उभे राहिले तेव्हा मी पुण्यातल्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं होतं. ते हरले. २०११ च्या ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णांचं उपोषण चालू होतं तेव्हा मीही ऑफिस सुटल्यावर मेणबत्ती घेऊन चौकात उभी राहिले. टोपीसुद्धा घातली. तात्या हसले होते. म्हणाले, "मेणबत्तीनं हात भाजंल, बूथ कोण सांभाळणार?" मला राग आला होता. वाटलं, यांना नुसते बूथच दिसतात.

मग २०१२ च्या नोव्हेंबरात आम आदमी पक्ष निघाला. २०१३ ला २८ जागा, ४९ दिवसांचं सरकार, २०१५ ला ७० पैकी ६७. मी पेढे वाटले होते ऑफिसात! आणि दोन महिन्यांत, त्या एप्रिलमध्येच, योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना बाहेर काढलं. ज्यांनी 'पक्षात लोकशाही हवी' म्हटलं तेच बाहेर. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीकरांनी २२ जागांवर आणून ठेवलं. पण माझ्यापुरता तो पक्ष २०१५ च्या एप्रिललाच इतर पक्षांसारखा झाला होता.

मग उरले अपक्ष. माझ्या डोक्यात 'अपक्ष' या शब्दाला एक सोवळेपण होतं. पक्ष नाही म्हणजे पाप नाही, असं काहीतरी. जरा बघायला लागले तर ते सोवळंही सुटलं. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते. ऐकायला केवढं छान वाटतं! पण त्यातले बहुतेक तिकीट न मिळालेले बंडखोर, आणि सरकार बनलं तेव्हा त्यांचा भाव चढला. झारखंडमध्ये तर २००६ साली मधू कोडा हे चक्क अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाले. पुढे कोळसा खाण प्रकरणात २०१७ साली दोषी ठरले. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लोकसभेत गेले, पण तेही काँग्रेसनं जागा सोडली म्हणून रुसलेलं काँग्रेसचंच घर. निकालानंतर पाठिंबा काँग्रेसलाच. म्हणजे अपक्ष हा बऱ्याचदा दोन गाड्यांच्या मधला फलाट असतो. त्यावर कुणी राहायला येत नाही.

आणि त्याच २०२४ मध्ये दिंडोरीत एका अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. ती का पडली माहीत आहे? त्याचं आडनाव एका पक्षाच्या उमेदवारासारखं होतं आणि चिन्ह 'तुतारी', त्या पक्षाचं 'तुतारी वाजवणारा माणूस'. अपक्षाला लाखभर मतं, आणि तीही चुकून!! त्या वर्षीच्या विधानसभेत २८८ पैकी खरेखुरे अपक्ष निवडून आले दोन.

एवढं सगळं कळल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. बसलेही असते. पण बाईंनी अर्ज भरला.

बाई म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. गणिताच्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणतात, त्यांच्या वयाचे लोकसुद्धा. आमचं हे गाव काही वर्षांपूर्वी शहराच्या हद्दीत आलं. ग्रामपंचायत गेली. नगरसेवक येणार म्हणता म्हणता २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हटल्यावर हालचाल झाली. म्हणजे मधली कित्येक वर्षं आमच्याकडे ना सरपंच, ना नगरसेवक. घरपट्टी मात्र वेळेवर. पाणी टँकरचं. आमच्या सोसायटीचं टँकरचं महिन्याचं बिल सांगितलं तर गावाकडचे नातेवाईक चक्कर येऊन पडतील.

बाईंनी त्या टँकरांची वही घातली होती. रोजचे किती आले, किती लिटरचे, किती वाजता, पैसे किती. चार वर्षांच्या वह्या. त्या घेऊन त्या दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयात जायच्या. तिथला शिपाई त्यांना बघितलं की उठून उभा राहायचा. साहेब मात्र मीटिंगमध्ये असायचे. एकदा परत येताना त्या म्हणाल्या, "इथे माणसाचं कुणी ऐकत नाही गं, पदाचं ऐकतात. तर मग पदच बघू या."

अर्ज भरायची शेवटची तारीख ३० डिसेंबर २०२५. त्या दिवसाचं दृश्य तुम्ही टीव्हीवर बघितलं असेलच. एबी फॉर्मसाठी गाड्यांचे पाठलाग, रडारड, एका ठिकाणी तर दुसऱ्याचा एबी फॉर्म गिळून टाकल्याची बातमी! त्या गोंधळात आमच्या बाई साडी नेसून, फाइल छातीशी धरून, शांतपणे रांगेत उभ्या. मागे एक माणूस मान खाली घालून उभा होता. वीस वर्षं एका पक्षात काढलेला. ऐन वेळी तिकीट कालच पक्षात आलेल्याला गेलं. तो अपक्ष अर्ज भरत होता आणि हात थरथरत होता. त्यानं २ तारखेला माघार घेतली. कुणीतरी समजूत काढली असावी. 'पुढच्या वेळी नक्की'.

३ जानेवारीला चिन्ह वाटप. बाईंनी पहिली पसंती 'बादली' दिली होती. पाण्याचा प्रश्न, बादली, केवढं झकास! पण बादली आणखी एकानं मागितली होती. चिठ्ठी काढली, बादली त्याला गेली. आमच्या वाट्याला आलं कपाट. आता कपाटावर प्रचार काय करायचा सांगा! घोषणा तरी काय देणार? माझ्या मुलानं सुचवलं, 'सगळे हिशोब कपाटाबाहेर'. तेच छापलं. १५ तारखेला मतदान. म्हणजे पंच्याहत्तर हजारांवर मतदारांना 'कपाट' सांगायला हातात बारा दिवस.

आणि इथे मला ती गोष्ट कळली जी पेपर वाचून कधीच कळली नसती. मुंबई सोडली तर बाकीच्या महापालिकांत एका प्रभागातून एक नगरसेवक निवडून येत नाही, तीन-चार येतात. आमच्याकडे चार. अ, ब, क, ड. प्रत्येकानं चार मतं द्यायची. पूर्वी हे दर वेळी बदलत आलंय. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मध्ये पुन्हा तीनचा ठरला होता, तो फिरून चारचा झाला. ज्याच्या हातात राज्य तो ठरवतो. पक्षाचं काम सोपं असतं, 'चारही बटणं एकाच चिन्हासमोर'. चार उमेदवारांचा खर्च वाटून, कार्यकर्ते वाटून, जाती-वस्त्या वाटून. एकट्या अपक्षाला मात्र चौपट मोठ्या प्रभागात फिरायचं आणि सांगायचं की बाबांनो, चारातलं एकच, 'ब'चं मत आम्हाला द्या. अर्ध्या लोकांना वाटायचं, बाकीची तीन दिली नाहीत तर मत बाद होईल. अर्ध्यांना वाटायचं, एक वेगळं दिलं तर मशीन बिघडेल.

२००७ साली मुंबईत जुहूच्या वॉर्डातून अॅडॉल्फ डिसूझा हे नागरिकांनी उभे केलेले अपक्ष निवडून आले होते. त्याचं आम्हा लोकांना केवढं कौतुक! पण मुंबईत वॉर्ड एका माणसाचा आहे, हे त्या कौतुकात कधी लक्षातच आलं नव्हतं. अपक्ष निवडून येत नाहीत याचा दोष आपण मतदारांना देतो. खेळाचं मैदानच केवढं आखलंय ते कोण बघतो?

कायद्यातसुद्धा बघा. लोकसभा-विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. प्रचार चालू असताना पक्षाचा उमेदवार वारला तर मतदान पुढे ढकलतात. अपक्ष वारला तर ढकलत नाहीत! १९९६ पासून तसं आहे. बाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तब्येतीला जपलं पाहिजे."

पक्षांतरबंदी कायद्यातही मजा आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याचं पद जातं. एकटा असला तरी. पक्षाच्या आमदारांनी मात्र दोन तृतीयांश जमवून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर ते वाचतात. एकट्यानं केलं तर पाप, घोळक्यानं केलं तर विलीनीकरण.

तर पहिले चार दिवस आम्ही अगदी येड्यासारखे फिरलो. म्हणजे जिथे दार उघडं दिसेल तिथे घुसायचं, पत्रक द्यायचं, नमस्कार करायचा. चौथ्या रात्री मी पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसले होते. तात्या आतून आले. त्यांनी या सगळ्यावर तोवर एक शब्द काढला नव्हता.

"याद्या कुठायत?"

"कसल्या याद्या?"

"मतदार याद्या. भागवार."

मी म्हटलं, आहेत, मोबाइलमध्ये. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना! १९७० च्या दशकातल्या माणसाची नजर. दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानातून सगळ्या याद्यांच्या प्रती काढून आणायला लावल्या. मग लाल पेन घेऊन बसले. "प्रत्येक भागाला एक माणूस. त्यानं दुसऱ्याच्या भागात तोंड घालायचं नाही. घर बघायचं, माणूस बघायचा, खूण करायची. आपला असंल तर बरोबर, त्यांचा असंल तर फुली, काठावरचा असंल तर टिंब. बरोबरवाल्याकडे परत जायचं नाही, फुलीवाल्याकडे जायचंच नाही. दिवस फक्त टिंबावर घालवायचा."

मी विचारलं, "तात्या, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पक्षानं," म्हणाले. जरा वेळानं, "तेव्हाच्या."

त्या रात्री मला २०११ ची मेणबत्ती आठवली. पक्ष म्हणजे नेते, घराणी, फ्लेक्स आणि खोके एवढंच आम्ही बघत आलो. पण पक्ष म्हणजे लाल पेन घेऊन बसलेला माणूसही असतो. गल्लीतल्या प्रत्येक घराची माहिती असलेला, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिल्यांदा पोचणारा. पक्षांनी त्या माणसाला हळूहळू निरुपयोगी करून टाकलं. त्याच्या जागी एजन्सी आली, पैसे घेऊन चिठ्ठ्या वाटणारी पोरं आली. मला राग फुटाफुटीचा आहेच, पण त्याहून जास्त याचा आहे. आणि आमच्यासारखे चांगले चांगले अपक्ष आपटतात तेही त्या माणसावाचूनच. आम्हाला वाटतं चांगला उमेदवार पुरेसा असतो.

म्हणजे फिरून फिरून तिथेच आले. माणसं जमवा, त्यांना कामाला लावा, वर्षानुवर्षं टिकवा, तर तो पक्षच झाला की! मग त्याचे मालक होतील, मग ते फुटतील. बाईंना हे म्हटलं. त्या म्हणाल्या, "मालक होऊ द्यायचा नाही एवढंच गणित आहे. अवघड आहे, पण उत्तर नाही असं नाही." त्यांच्या गटाचा पहिला नियम तोच होता. हिशोब दर आठवड्याला नोटीस बोर्डावर. एकूण एक लाख चाळीस हजार जमले, सगळे वर्गणीचे, पन्नास-शंभरापासून. एका बिल्डरनं पंचवीस हजार पाठवले होते ते परत केले. त्यावरून आमच्यात मोठं भांडण झालं, माझं मत होतं घ्यावेत. तेव्हा पत्रकं संपत आली होती!

मतदानाच्या दिवशी तात्यांनी सकाळीच सांगून टाकलं, "मी पक्षाच्या टेबलावर बसणार. इतकी वर्षं बसत आलोय." मी काही बोलले नाही. कुठल्या अर्ध्याच्या टेबलावर हेही विचारलं नाही. इस्त्रीचा सदरा, टोपी, खिशात लाल पेन. आमचं टेबल रस्त्याच्या अलीकडे, त्यांचं पलीकडे, मोठा मांडव घालून. मला इथून दिसत होतं. तात्या गेले, उभे राहिले. टेबलावर सगळी पंचविशीतली पोरं, समोर लॅपटॉप, एकसारखे टी-शर्ट. कुणी ओळखीचं नाही. एक मुलगा अगदी अदबीनं उठला आणि म्हणाला, "आजोबा, नाव सांगा, लगेच चिठ्ठी काढून देतो."

तात्यांनी नाव सांगितलं. चिठ्ठी घेतली. मुलगा वाईट नव्हता हो, त्यानं त्यांना हात धरून रस्तासुद्धा ओलांडून दिला. त्यांना वाटलं म्हातारे मतदार आहेत.

तात्या मतदान करून आले आणि आमच्या टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर बसले. अर्ध्या तासानं म्हणाले, "भाग १४ ची यादी इकडं दे." संध्याकाळी साडेपाचपर्यंत उठले नाहीत. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी. २,८४७. मी रडले. बाई रडल्या नाहीत. त्यांनी केंद्रावरच भागवार आकडे उतरवून घेतले आणि घरी येऊन तात्यांसमोर ठेवले. ज्या सहा भागांत लाल पेन नीट चाललं होतं तिथे आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. एका भागात तर पहिल्या. बाकीकडे तीस, चाळीस, बारा. तात्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. "सहा भाग," एवढंच म्हणाले.

निवडून आलेल्या चौघांपैकी एकांचा आठवड्याभरात बाईंना फोन आला. टँकरच्या वह्या बघायला मिळतील का? बाई म्हणाल्या, मिळतील, इथे येऊन बघा, घरी न्यायच्या नाहीत. ते आले होते. दोन तास बसले. पुढे काय होतंय ते बघू. मला अजून फारसा विश्वास नाही, बाईंना माझ्यापेक्षा बराच जास्त आहे.

तात्यांचं सध्या यादी दुरुस्तीचं काम चाललंय. आपल्या भागातली वारलेली माणसं, सोडून गेलेली माणसं, दोनदा आलेली नावं. ६१ मयत नावं निघाली एकट्या भाग १४ मध्ये. प्रत्येकाच्या घरी जाऊन ७ नंबरचा फॉर्म भरून घेतायत. आईचं नावही अजून यादीत आहे. तिला जाऊन पाच वर्षं झाली. तेवढा एक फॉर्म टेबलावर तसाच पडलाय, मी त्याला हात लावलेला नाही.

रविवारी आमच्या पार्किंगमध्ये बैठक आहे. बाईंनी सकाळी दहाची वेळ ठेवली होती. तात्या म्हणाले, दहाला कोण येतंय, साडेआठला ठेवा, माणसं आंघोळ करून बाहेर पडायच्या आत घरी सापडतात. तर आता साडेआठला आहे. जवळपास राहणाऱ्यांनी यावं. चहा आमच्याकडे, सतरंज्या तात्यांनी काढून ठेवल्यात.